किन्शासापाशी थांबलेले चरित्र : ‘अली’ या चित्रपटाच्या अभ्यासाची प्रस्तावना

कवीच्या किंवा शास्त्रज्ञाच्या आयुष्यावर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाला एक सवलत असते. त्याचा नायक कविता लिहिताना किंवा प्रयोग करताना नेमका कसा दिसत होता हे कोणी पाहिलेले नसते, त्यामुळे पडद्यावर जे दिसेल ते प्रेक्षक फारशी तक्रार न करता स्वीकारतो. मुष्टियोद्ध्याच्या चरित्रपटाला ही सवलत मिळत नाही. त्याच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग दोरांनी वेढलेल्या, प्रखर दिव्यांनी उजळलेल्या चौकोनात, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत घडलेले असतात. कोणत्या फेरीत कोणत्या हाताचा ठोसा कुठे बसला, कोण किती सेकंद जमिनीवर होता, याची नोंद झालेली असते. आणि तो योद्धा महंमद अली असेल तर लढतीआधीची त्याची बडबड, लढतीनंतरची त्याची आरडाओरड आणि मधल्या काळातील त्याचे रुसवेफुगवे हेही सारे ध्वनिचित्रफितींवर जपलेले असते. अशा माणसाची भूमिका करणाऱ्या नटाला स्पर्धा करावी लागते ती खुद्द त्या माणसाशी, आणि दिग्दर्शकाला आधी या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते की, जे सर्वांनी पाहिलेले आहे ते पुन्हा दाखवायचे तरी कशासाठी.

मायकल मान यांनी दिग्दर्शित केलेला आणि विल स्मिथ यांची प्रमुख भूमिका असलेला ‘अली’ हा अमेरिकन चित्रपट २५ डिसेंबर २००१ रोजी प्रदर्शित झाला. अडीच तासांहून थोड्या अधिक लांबीच्या या चित्रपटाने अलीच्या आयुष्यातील केवळ दहा वर्षे निवडली. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे बावीस वर्षांच्या कॅशियस क्लेने, म्हणजे पुढच्या महंमद अलीने, सनी लिस्टनला हरवून हेवीवेट गटाचे, म्हणजे वजनाला वरची मर्यादा नसलेल्या सर्वांत जड योद्ध्यांच्या गटाचे, जागतिक विजेतेपद मिळवले, तेथपासून ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरच्या किन्शासा या राजधानीत बत्तीस वर्षांच्या अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत आडवे करून ते परत मिळवले, तेथपर्यंत ही कथा चालते. १९४२ मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे झालेला जन्म, बाराव्या वर्षी सायकल चोरीला गेल्यामुळे एका पोलिसाच्या व्यायामशाळेत पडलेले पाऊल, १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील सुवर्णपदक हे सारे कथेच्या चौकटीबाहेर राहते. त्याचप्रमाणे १९७५ ची मनिला येथील लढत, १९८० ची लॅरी होम्सविरुद्धची दारुण हार, १९८४ मध्ये निदान झालेला पार्किन्सनचा कंपवात आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना थरथरणारा हात, यांपैकी काहीही दृश्यांतून येत नाही.

प्रस्तुत विवेचनाचा भर या चौकटीवर आहे. चरित्रपट जेथे थांबतो तेथे त्याने आपल्या नायकाविषयी निकाल दिलेला असतो, मग तो निकाल संवादांत उच्चारला जावो वा न जावो. मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट नवी नाही. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटाचा शेवट तुकोबांच्या वैकुंठगमनाने होतो, आणि तो तसा होतो म्हणून आधीचा सारा संसार, जिजाईचा त्रागा आणि सालोमालोची कारस्थाने यांना विशिष्ट अर्थ येतो. हेच चित्र इंद्रायणीकाठच्या रिकाम्या घरापाशी थांबले असते तर ते वेगळ्याच माणसाचे चरित्र ठरले असते. ‘अली’ हा चित्रपटही आपल्या नायकाचे एक प्रकारे वैकुंठगमनच घडवून आणतो, फरक इतकाच की या नायकाला त्यानंतर आणखी बेचाळीस वर्षे जगायचे होते.

मान यांच्यापूर्वी अलीची कथा पडद्यावर आलेली नव्हती असे नाही. १९७५ मध्ये रिचर्ड डरहॅम यांच्या सहकार्याने लिहिलेले अलीचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्याचे संपादन पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या टोनी मॉरिसन यांनी केले होते, आणि दोनच वर्षांनी त्यावर ‘द ग्रेटेस्ट’ हा चित्रपट निघाला, ज्यात अलीने स्वतःची भूमिका स्वतःच केली. या आत्मचरित्रात एक प्रसिद्ध प्रसंग आहे: रोमहून सुवर्णपदक घेऊन परतलेल्या तरुणाला त्याच्याच गावातील उपाहारगृहात काळा म्हणून जेवण नाकारले जाते, आणि उद्विग्न होऊन तो ते पदक ओहायो नदीत फेकून देतो. पदक फेकले नव्हते, ते कुठेतरी हरवले, असे पुढे स्पष्ट झाले. परंतु तोवर ती गोष्ट जगभर पसरली होती, आणि अपमान खरा असल्यामुळे पदकाच्या खोटेपणाची फारशी कोणाला फिकीर नव्हती. बखरकारांच्या लेखनाशी परिचय असलेल्या वाचकाला हा प्रकार लगेच ओळखू येईल. अलीच्या बाबतीत चरित्रकाराची पंचाईत अशी की, आख्यायिका रचणारा पहिला बखरकार तो स्वतःच होता.

१९९६ मध्ये लिऑन गॅस्ट यांचा ‘व्हेन वी वेअर किंग्ज’ हा माहितीपट आला. किन्शासाच्या लढतीच्या वेळी केलेले चित्रीकरण पैशाच्या आणि हक्कांच्या अडचणींमुळे वीसहून अधिक वर्षे पडून राहिले होते. ते अखेर पुरे होऊन त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. खऱ्या अलीचा खरा आवाज, खरी गर्दी आणि खरा फोरमन इतक्या ताज्या रूपात लोकांसमोर असताना पाचच वर्षांनी त्याच लढतीवर शेवट होणारा कथापट काढणे हे धाडसाचे होते. मान यांनी या अडचणीतून काढलेली वाट अशी की, जे सार्वजनिक होते ते त्यांनी यथातथ्य ठेवले आणि आपला खरा जीव ओतला तो अली एकटा असतानाच्या क्षणांत. जगाच्या आठवणीतला अली बोलका आहे. या चित्रपटातला अली पुष्कळ वेळ गप्प असतो. स्मिथ यांनी आवाजाची आणि उच्चारांची नक्कल उत्तम साधली आहे, सुमारे वर्षभर सराव करून शरीरही कमावले आहे, तथापि मूळ अलीच्या चेहऱ्यावर गंभीर बोलतानाही जो खट्याळपणा लपलेला असे तो त्यांच्या चेहऱ्यावर क्वचितच उमटतो. ही उणीव नटाची मानावी की दिग्दर्शकाच्या निवडीची, याविषयी मतभेद होऊ शकतात. मान यांच्या इतर चित्रपटांतील एकाकी, आतल्या आत धुमसणारे पुरुष ज्यांनी पाहिले आहेत त्यांना दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटेल.

चित्रपटाची सुरुवात या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. सुमारे दहा मिनिटांच्या या भागात सलग संवाद जवळजवळ नाहीत. गायक सॅम कुक एका क्लबमध्ये गातो आहे, बायका हात उंचावून त्याला साद घालताहेत, आणि त्या गाण्याच्या लयीवर दृश्ये एकमेकांत मिसळत जातात: डोक्यावरून टोपी ओढून रात्रीच्या रस्त्यावर पळणारा तरुण क्ले, त्याच्या शेजारून हळू चालणारी पोलिसांची गाडी आणि तिच्यातून आलेला, तो कशापासून पळतो आहे असा कुत्सित प्रश्न, ‘स्पीड बॅग’वर, म्हणजे डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या लहानशा चामडी पिशवीवर, एका लयीत पडणारे ठोसे, बसमध्ये मागच्या बाजूला, काळ्यांसाठी राखलेल्या जागेकडे जाणारा एक मुलगा आणि त्याच्या नजरेस पडणारे वर्तमानपत्रातील छायाचित्र. ते छायाचित्र एमेट टिलचे आहे. मिसिसिपी राज्यात ऑगस्ट १९५५ मध्ये गोऱ्यांनी ठार मारलेला हा मुलगा चौदा वर्षांचा होता, आणि क्ले तेव्हा तेरा वर्षांचा. लगेच पुढे त्याचे वडील दिसतात, जे पाट्या रंगवून पोट भरत आणि चर्चच्या भिंतींवर चित्रे काढत. ते गोऱ्या वर्णाचा, निळ्या डोळ्यांचा येशू रंगवीत आहेत, आणि मुलगा ते बघतो आहे. या सगळ्यावर कोणी भाष्य करीत नाही. पुढे अडीच तासांत जो धर्म बदलेल, नाव टाकील आणि सरकारला नाही म्हणेल, त्याची सारी कारणे या दहा मिनिटांत पेरलेली आहेत, आणि ती तर्काने न येता पिशवीवरच्या ठोशांच्या तालात येतात. चरित्रपटाच्या इतिहासात इतक्या थोड्या शब्दांत इतके सांगणारे आरंभ फार नाहीत.

या पार्श्वभूमीवर लिस्टनविरुद्धची लढत येते. तीतील कौशल्य समजण्यासाठी मुष्टियुद्धातील एक-दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ‘जॅब’ म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. त्याने प्रतिस्पर्धी सहसा पडत नाही, पण अंतर राखले जाते, समोरच्याची लय बिघडते आणि मागच्या हाताच्या जड ठोशाला वाट मिळते. शिकवण्यातला नियम असा की, हात हनुवटीपाशी ठेवावेत आणि ठोसा आला की तो हाताने अडवावा अथवा डोके बाजूला काढावे. क्ले हात कमरेजवळ सोडून लढे आणि ठोसा आला की कंबरेतून मागे झुके. कोणत्याही वस्तादाने ही खोड पहिल्याच दिवशी मोडून काढली असती. परंतु ज्याचे पाय इतके चपळ असतात की ठोसा पोहोचेपर्यंत तो तेथे नसतोच, त्याला हाताच्या भिंतीची गरज उरत नाही. अँजेलो डंडी या त्याच्या प्रशिक्षकाचे शहाणपण असे की, त्यांनी ती खोड मोडली नाही. लिस्टनचा दबदबा मोठा होता आणि सट्टेबाजांनी क्लेविरुद्ध सातास एक असा भाव लावला होता. पाचव्या फेरीत काहीतरी झोंबणारे औषध डोळ्यांत गेल्याने क्लेला जवळजवळ दिसेनासे झाले तरी डंडींनी त्याला पुन्हा रिंगणात ढकलले. ती फेरी त्याने केवळ पायांवर निभावली, आणि सातव्या फेरीची घंटा झाल्यावर लिस्टन आपल्या स्टुलावरून उठलाच नाही.

मान आणि छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेझ्की यांनी ही लढत प्रेक्षागाराच्या अंतरावरून दाखवण्याऐवजी कॅमेरा दोन शरीरांच्या मधोमध नेला आहे. दूरदर्शनच्या चित्रणात जी चाल सहज, नाचरी वाटते तीत किती धाप, किती भीती आणि किती हिशेब आहे, हे या जवळिकीमुळे कळते. लिस्टन आणि पुढचे प्रतिस्पर्धी जो फ्रेझियर व फोरमन यांच्या भूमिकांसाठी मायकल बेंट, जेम्स टोनी आणि चार्ल्स शफर्ड हे व्यावसायिक मुष्टियोद्धे निवडले असल्याने ठोसा बसल्यावर शरीर कसे हलते यातही खोटेपणा कमी आहे. चित्रपटाचे शरीरविषयक ज्ञान पक्के आहे, आणि त्याचे मोठेपण मुख्यतः तेथे आहे.

लढतीनंतर काही दिवसांतच कॅशियस क्लेचा महंमद अली झाला. १९३० मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन झालेली ‘नेशन ऑफ इस्लाम’ ही संघटना काळ्या अमेरिकनांनी गोऱ्यांच्या समाजापासून वेगळे होऊन स्वतःचे उद्योग, शाळा आणि प्रार्थनास्थळे उभारावीत असे सांगत असे. तिची शिकवण जगभरच्या मुसलमानांच्या श्रद्धेपेक्षा अनेक बाबतींत निराळी होती. तिचे प्रमुख एलिजा महंमद यांनी हे नवे नाव दिले. क्ले हे गुलामगिरीतून आलेले नाव आहे असे अली म्हणे, आणि ते खरेही होते. मात्र ज्या मूळ कॅशियस क्लेवरून ते घराण्यात आले तो एकोणिसाव्या शतकातला केंटकीचा गोरा जमीनदार गुलामगिरीचा कडवा विरोधक होता, हा इतिहासाचा एक तिरकस विनोद. १९६७ मध्ये अर्नी टेरेलने हट्टाने जुनेच नाव वापरल्यावर अलीने पंधरा फेऱ्या त्याला झोडपत आपले नाव विचारले. हा प्रसंग चित्रपटात थोडक्यात येतो, आणि त्यातला क्रूरपणा नायकाच्या अभिमानाखाली थोडासा झाकला जातो.

याच संघटनेतील माल्कम एक्सविषयी मात्र चित्रपटाने नायकाची गय केलेली नाही. ज्या माल्कमने तरुण क्लेला धीर दिला, लिस्टनच्या लढतीआधी सोबत केली, तो एलिजा महंमद यांच्याशी मतभेद होऊन संघटनेतून बाहेर पडला. १९६४ मध्ये मक्केची यात्रा करून परतताना घानामध्ये त्याची आणि अलीची समोरासमोर गाठ पडली, आणि अलीने त्याला तोडून टाकले. मारिओ व्हॅन पीबल्स यांनी साकारलेल्या माल्कमच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते ते पाहिल्यावर प्रेक्षकाची सहानुभूती नायकाकडे उरत नाही. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कमची हत्या झाली. समेट करायला आता कोणी उरले नाही, हे दुःख चित्रपटातील अलीच्या गप्पपणात पुढे बराच वेळ मुरलेले दिसते.

चित्रपटाचा मध्यभाग व्हिएतनाम युद्धाने व्यापला आहे. १९६४ मध्ये सैन्याच्या लेखी परीक्षेत कमी गुण पडल्याने अलीला भरतीस अयोग्य ठरवले होते. १९६६ मध्ये युद्धाची गरज वाढल्यावर निकष सैल करण्यात आले आणि तोच तरुण एकाएकी योग्य ठरला. आपण ‘सदसद्विवेकी विरोधक’, म्हणजे धर्माच्या किंवा विवेकाच्या आज्ञेने युद्धात भाग घेण्यास नकार देणारे नागरिक, आहोत असा दावा त्याने केला आणि तो फेटाळला गेला. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात जे घडले त्याचे दृश्य मान यांनी कोणत्याही नाट्याविना घेतले आहे. भरतीचा विधी असा की, नाव पुकारले जाताच उमेदवाराने एक पाऊल पुढे टाकायचे. ते टाकले की तो सैनिक झाला. अलीचे जुने नाव पुकारले जाते, पुन्हा पुकारले जाते, आणि तो जागचा हलत नाही. ज्याची सारी कला पायांत होती त्याने आयुष्यातील सर्वांत मोठी लढत पाय न हलवता दिली, हे दिग्दर्शकाने शब्दांत न सांगता बुटांपाशी आणि चेहऱ्यापाशी रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्यातून जाणवू दिले आहे.

त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना काढून घेतला, विजेतेपद गेले, जून १९६७ मध्ये पाच वर्षांची कैद आणि १०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तो तुरुंगात गेला नाही, परंतु पारपत्र जप्त झाल्याने परदेशीही लढता येईना, आणि मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० असा साडेतीन वर्षांहून अधिक काळ तो रिंगणाबाहेर राहिला. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. निकालाचा आधार तांत्रिक होता, तो असा की अपील मंडळाने अलीचा दावा नेमक्या कोणत्या कारणाने फेटाळला हे सांगितलेच नव्हते. या कायदेशीर बारकाव्यांत चित्रपट गुंतत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. या वर्षांचा हिशेब त्याने वेगळ्या ठिकाणी मांडला आहे. मुष्टियोद्ध्याचे पाय पंचवीस ते अठ्ठावीस या वयात सर्वांत तेज असतात. नेमकी तीच वर्षे सरकारने घेतली. परतलेल्या अलीला ठोशापासून पूर्वीसारखे निसटता येईना, आणि ज्याला निसटता येत नाही त्याला सोसायला शिकावे लागते. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझियरच्या डाव्या हाताच्या वळत्या ठोशाने अली पाठीवर पडला, तेव्हा हे सर्व जगाला दिसले. हा कार्यकारणसंबंध, म्हणजे राजकीय निर्णयाची किंमत शरीराने कशी चुकती केली, चित्रपट इतक्या नेमकेपणाने दाखवतो की त्याच्या शेवटाविषयीची तक्रार त्यातूनच उभी राहते.

फ्रेझियरचा उल्लेख निघाला असताना एक उणीव नोंदवायला हवी. बंदीच्या काळात फ्रेझियरने अलीचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला होता, त्याला पैशाची मदतही देऊ केली होती. दोघे एका गाडीतून जात असतानाच्या दृश्यात चित्रपट हा स्नेह दाखवतो. पुढे अलीने त्याच माणसाला गोऱ्यांच्या ताटाखालचे मांजर ठरवले, आणि मनिलाच्या लढतीआधी खिशातून रबरी गोरिला काढून वार्ताहरांसमोर त्याला ठोसे मारले. दक्षिण कॅरोलायनातील शेतमजुराचा मुलगा असलेला फ्रेझियर, ज्याने अलीपेक्षा अधिक गरिबी भोगली होती, हा घाव पुढची अनेक वर्षे विसरला नाही. कथा १९७४ मध्येच संपत असल्याने गोरिला चौकटीबाहेर राहतो. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले असेल असे नाही. तथापि चौकट अशीच असते, ती जे वगळते त्याची जबाबदारीही तिच्याकडेच जाते. अलीच्या विवाहांविषयी चित्रपट त्यामानाने अधिक प्रामाणिक आहे: सोंजी, बेलिंडा आणि व्हेरोनिका या तिघी त्यात आहेत, आणि किन्शासामध्ये बेलिंडाच्या वाट्याला आलेला अपमान लपवलेला नाही. क्रीडासमालोचक हॉवर्ड कोसेल यांच्याशी असलेले अलीचे भांडकुदळ मैत्र जॉन व्हॉइट यांनी जाड मेकअपखालूनही जिवंत केले आहे. स्मिथ आणि व्हॉइट या दोघांनाही या भूमिकांसाठी ऑस्करची नामांकने मिळाली.

शेवटचा भाग झाईरमध्ये घडतो, जरी त्याचे चित्रीकरण मोझांबिकची राजधानी मापुटो येथे झाले. लढत जमवणाऱ्या डॉन किंगने दोन्ही योद्ध्यांना प्रत्येकी पन्नास लाख डॉलर कबूल केले होते, आणि ती रक्कम हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीच्या पाठबळावर उभी राहिली. फोरमन तेव्हा पंचवीस वर्षांचा, चाळीस लढतींत अपराजित. ज्या फ्रेझियर आणि नॉर्टनने अलीला हरवले होते त्या दोघांना त्याने प्रत्येकी दोन फेऱ्यांत संपवले होते. अलीच्या गोटातही चिंता होती.

या भागातील एक दृश्य संपूर्ण चित्रपटाची किल्ली म्हणून पाहता येते. सकाळी सरावासाठी पळायला निघालेला अली मुख्य रस्ता सोडून वस्तीत शिरतो. आधी दोन-चार, मग दहा-वीस, मग गल्ली भरून मुले त्याच्यामागे धावू लागतात आणि त्याच्या नावाचा घोष करू लागतात. मग त्याला भिंती दिसतात. कोणा अप्रशिक्षित हाताने त्यांच्यावर त्याचीच चित्रे रंगवलेली आहेत: मूठ उगारलेला, अंगापेक्षा मोठा, साऱ्या संकटांना पुरून उरणारा अली. तो थांबतो. आयुष्यभर स्वतःला थोर म्हणवून घेणाऱ्या माणसाला आपले थोरपण दुसऱ्याच्या हाताने, परक्या गावात, मातीच्या भिंतीवर काढलेले दिसते, आणि त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. पार्श्वभूमीला माली देशाच्या सालिफ केटा यांचा आवाज आहे. वारसा या जड शब्दाने जे सुचवायचे असते ते या दृश्यात आहे: माणूस जिवंत असतानाच त्याचे चित्र त्याच्या हातातून निसटून लोकांचे झालेले असते, आणि पुढे त्याला त्या चित्राच्या मापाने जगावे लागते.

प्रत्यक्ष लढतीत अलीने दुसऱ्या फेरीपासून जे केले त्याला पुढे ‘रोप-अ-डोप’ असे नाव पडले. पाठ रिंगणाच्या दोरांना टेकवायची, हातांनी चेहरा झाकायचा, आणि प्रतिस्पर्ध्याला दंडांवर, बरगड्यांवर मनसोक्त ठोसे मारू द्यायचे. ठोशाचा काही जोर दोर शोषून घेतात, काही शरीर घेते, आणि मारणारा दमतो. पहाटे चार वाजता, विषुववृत्ताजवळच्या दमट हवेत, फोरमन दमला. आठव्या फेरीत अली दोरांपासून सुटला, एकामागून एक ठोसे बसले, फोरमन गिरकी घेत कोसळू लागला; मूळ चित्रणात दिसते की त्या वेळी अलीचा उजवा हात आणखी एका ठोशासाठी मागे गेला होता आणि तो त्याने मारला नाही. मान यांनी ही लढत सावकाश उलगडली आहे, आणि बाजूच्या लोकांना वेडेपणा वाटणारा हा डाव अलीच्या कपाळाआड हळूहळू कसा पक्का होतो हे दाखवण्यात त्यांना यश आले आहे. यानंतर जल्लोष होतो आणि चित्रपट संपतो.

येथेच आक्षेप घ्यावा लागतो. ज्या डावाने हा विजय मिळाला तो मार सोसण्याचा डाव होता, आणि एकदा यशस्वी झालेला डाव माणूस पुन्हा पुन्हा खेळतो. पुढच्या सात वर्षांत अली सरावातही, लढतीतही दोरांना टेकून मार खात राहिला. त्याच्या कंपवाताला ठोसे कितपत कारण ठरले याविषयी डॉक्टरांत एकमत नाही. पण वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निदान झालेला तो आजार आणि किन्शासाची ती पहाट यांचा परस्परांशी काहीच संबंध नाही असे समजून जल्लोषावर पडदा पाडणे हे त्या चित्रपटाला शोभत नाही, ज्याने आधीच्या दोन तासांत प्रत्येक निर्णयाची शारीरिक किंमत इतक्या चोखपणे दाखवली होती. याची कारणे तर्काने सांगता येतात. अली तेव्हा हयात होता आणि त्याचा या निर्मितीला पाठिंबा होता. शिवाय ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर साडेतीन महिन्यांनी हा चित्रपट पडद्यावर आला. हल्ल्यांनंतर दहाच दिवसांनी झालेल्या मदतनिधीच्या दूरदर्शन कार्यक्रमात खुद्द स्मिथ यांच्या शेजारी उभे राहून, थरथरत्या आवाजात, अलीने आपला धर्म हिंसेचा नाही असे सांगितले होते. त्या अमेरिकेला आपला सर्वांत प्रसिद्ध मुसलमान उभा, हात उंचावलेला, विजयी असाच हवा होता. तरीही चित्रपटाला खर्चाच्या मानाने उत्पन्न मिळाले नाही.

भारतीय वाचकाकडे या उत्तरार्धातील अलीचे एक चित्र आहे, ज्याची पाश्चात्त्य चरित्रकारांनी फारशी दखल घेतलेली नाही. जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आला होता आणि दिल्लीत भारतीय सैन्यातील कौर सिंग यांच्याशी तो प्रदर्शनीय लढत, म्हणजे निकाल न लावायची मैत्रीपूर्ण लढत, खेळला. अलीचे वय तेव्हा अडतीस होते. कौर सिंग यांनी दोन वर्षांनी दिल्लीच्याच आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि अलीने १९८० च्याच ऑक्टोबरमध्ये लास व्हेगास येथे लॅरी होम्सकडून इतका मार खाल्ला की दहाव्या फेरीनंतर डंडींनी लढत थांबवली.

‘अली’ पाहणाऱ्याने तो मान यांच्या निकालासह पाहावा आणि निकालाबाहेर ठेवलेल्या पुराव्यासह तपासावा, एवढाच या विवेचनाचा आग्रह आहे. तो पुरावा थोडा नाही. किन्शासानंतर अली आणखी १४ लढती खेळला. त्यांतली शेवटची ११ डिसेंबर १९८१ रोजी बहामाच्या नसाऊ शहरात ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध झाली. तेथे रिंगणाची घंटा आणायची राहून गेली होती, म्हणून फेऱ्यांसाठी गाईच्या गळ्यातली घंटा वाजवली गेली, आणि दहा फेऱ्यांनंतर अली गुणांवर हरला.